नवतपा

नवतपा म्हणजे सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरचे पहिले नऊ दिवस. सध्याच्या पंचांगांनुसार ते साधारणतः २५ मे ते २ जून या काळात येतात. विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेशात हा शब्द रोजच्या बोलण्यातला असून पराकोटीच्या उन्हाळ्याला तो जवळजवळ पर्यायी नाव झाला आहे.

या गणनेला खगोलीय आधार आहे. नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर असल्याने तेथे सूर्य २६ मेच्या सुमारास भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. जुलैच्या मध्यास सूर्य पुन्हा डोक्यावर येतो खरा, पण तोवर आकाश पावसाळी ढगांनी झाकलेले असते. मात्र नक्षत्रप्रवेशाची तारीख अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय संथपणे फिरत असल्यामुळे, सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, त्यामुळे आजचा हा मेळ कायमचा नव्हे. ‘नवतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला’ ही समजूत तर अंदाज म्हणून ग्राह्य धरता येत नाही, कारण मोसमी पाऊस एखाद्या प्रदेशातील नऊ दिवसांच्या उन्हावर ठरत नाही.

विदर्भ तापण्यास अक्षांशाखेरीज इतर कारणेही आहेत. समुद्र दूर असल्याने खारे वारे तेथे पोहोचत नाहीत. वायव्येकडून, राजस्थानच्या बाजूने, कोरडे आणि आधीच तापलेले वारे येतात. आकाश निरभ्र असते आणि जमिनीत ओल उरलेली नसल्याने उन्हाची ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च न होता थेट माती व हवा तापवते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, म्हणजे नवतपा लागण्याच्या दोन दिवस आधीच. मे २०२४ मध्ये तेथील एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेले ५६ अंश हे तापमान मात्र संवेदकातील बिघाडाचा परिणाम होता, असे हवामान विभागाने स्पष्ट केले.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. ४५ अंशांना सरासरीचा विचार न करता लाट, तर ४७ अंशांना तीव्र लाट समजतात. किनारपट्टीसाठी किमान ४० अंशांची मर्यादा ३७ अंशांवर येते, आणि त्यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. हवा त्वचेपेक्षा अधिक तापली की घामाचे बाष्पीभवन एवढाच शरीर थंड ठेवण्याचा मार्ग उरतो. माठ, वाळ्याच्या ताट्या आणि विदर्भातील घरोघरचे कूलर याच तत्त्वावर चालतात, म्हणून ते नागपुरात उपयोगी आणि मुंबईत जवळपास निरुपयोगी ठरतात. दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशीचे तापमान ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे विदर्भात कोणी फारसे मनावर घेणार नाही एवढेच होते.

नवतप्यात दुपारी १२ ते ४ या वेळेत उन्हातली कामे टाळणे, डोके व कान दुपट्ट्याने झाकणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे हे नेहमीचे उपाय होत. घामावाटे मीठही जात असल्याने मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे नुसत्या पाण्याहून सरस ठरते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून जलसंजीवनी घरीच करता येते. खिशात कांदा बाळगल्याने ऊन लागत नाही ही जुनी श्रद्धा असली, तरी खिशातला कांदा शरीराचे तापमान कमी करू शकत नाही. कूलरमध्ये पाणी भरताना वीजपुरवठा बंद करणे आवश्यक आहे.

ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, भेलकांडू लागला किंवा बेशुद्ध झाला आणि त्याचे अंग भाजल्यासारखे तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबलेला असतोच असे नाही. कष्टाची कामे करणाऱ्या रुग्णाला तो भरपूर येत असतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर सतत पाणी ओतत वारा घालावा. बर्फ मिळाल्यास तो मान, काखा व जांघांत ठेवावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापावरच्या गोळ्यांचाही येथे उपयोग नाही, कारण ही उष्णता बाहेर टाकता न आल्याने शरीरात साठलेली असते, तापासारखी शरीराने स्वतःहून वाढवलेली नसते.