पलंगामागची भिंत लाकडाने मढवण्याआधी

बेडरूमच्या पॅनेलिंगची चौकशी करायला कोणी आलं, की नमुने दाखवण्याआधी आम्ही विचारतो: पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीपलीकडे काय आहे? बाथरूम, पाण्याचा पाइप, की बाहेरची पावसाळी बाजू?

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांमधलं सागवान अजून ठणठणीत दिसतं, कारण खांब-तुळयांना चहूबाजूंनी वारा लागतो. फ्लॅटमध्ये आपण लाकूड भिंतीवर ठोकतो आणि त्याची पाठ कायमची झाकली जाते. त्या पाठीशी ओल असेल तर वरचं पॉलिश कितीही महागाचं असो, उपयोग नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही स्वतः बाथरूमला लागून असलेली एक भिंत न तपासता मढवली होती. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या फळ्या फुगल्या, सगळं काम उतरवून नव्याने करून द्यावं लागलं. तेव्हापासून ओल्या भिंतीवर आम्ही काम घेत नाही.

तपासणी तुम्हीही करू शकता. दोन फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर पक्कं बसवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळसर झाली, तर आधी प्लंबर बोलवा.

भिंत कोरडी निघाली तरी लाकूड थेट प्लास्टरवर चिकटवू नये. वाळवीचं औषध मारलेल्या पट्ट्यांची चौकट आधी स्क्रूने बसवायची, मधे हवेला जागा ठेवायची, वर-खाली बारीक फट सोडायची.

बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि जुलैत हवा दमट होते. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही रुंदीत. लांबीत फरक नगण्य. म्हणून सागाच्या फळ्यांचं काम शक्यतो दिवाळीनंतर काढा. माल आठ-दहा दिवस त्याच खोलीत पडू द्या.

बहुतेकांना आम्ही प्लायवुड आणि त्यावर सागाचं व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, सुचवतो. प्लाय कमी फुगतो-आकसतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. मात्र व्हिनिअरचा लाकडी थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, तेव्हा पुढे कोणी ‘घासून नवं करतो’ म्हणालं तर जपून. प्लायवर आयएस ३०३ बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायची भारतीय मानकं) हा शिक्का स्वतः बघा. एमडीएफवर (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डवर) खाचा सुबक निघतात, पण पाणी लागलं की ते फुगतं आणि पूर्ववत होत नाही. विश्वामित्री नदीच्या काठच्या सोसायट्यांनी ऑगस्ट २०२४ चा पूर पाहिला आहे. तळमजल्यावर राहत असाल तर एमडीएफ नकोच, आणि खाली ग्रॅनाइटची पट्टी घालून लाकूड जमिनीपासून निदान सहा इंच वर सुरू करा.

पूर्ण भिंत मढवायलाच हवी असं नाही. ११ फुटी भिंतीवर चार फूट उंचीपर्यंत काम केलं, तर ८×४ फुटी दोन शीटमध्ये भागतं, उलट थोडा माल उरतो. छतापर्यंत न्यायचं म्हटलं तर तीन शीट आठ फुटांपर्यंतच पुरतात आणि वरच्या भागासाठी चौथी लागते, शिवाय आठ फुटांवर सांधा येतो. तिथे आडवी पट्टी द्यावी लागते. १०×११ च्या खोलीत आम्हाला अर्धी उंचीच आवडते: पाठ टेकायला ऊब मिळते आणि वरचा फिका रंग खोली मोकळी ठेवतो. चारही भिंती गडद करून घ्यायचा आग्रह असेल, तर आम्ही एकदा तरी तुमचं मन वळवायचा प्रयत्न करू.

पॉलिशनंतर वास पूर्ण जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा आणि झोपायला दुसरी खोली वापरा. घरात लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर आधीच सांगा, पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश वापरू. रोजच्या पुसण्याला कोरडं सुती फडकं पुरतं.

येताना भिंतीची लांबी-उंची, स्विचबोर्डच्या जागा आणि एक फोटो आणा. पलंगाजवळचे दिवे आणि चार्जिंगचे पॉइंट चौकट ठोकण्याआधीच ठरवावे लागतात.