उभ्या गाडीत इंजिन थरथरत असेल तर

सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंग थरथरते, आतला आरसा हलतो, सीटखालून हादरे जाणवतात. गाडी चालू लागली की सगळे गायब. अशा तक्रारीच्या गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा बऱ्याचदा प्लग, कॉइल, कधी इंजेक्टरसुद्धा आधीच बदललेले असतात आणि थरथर तशीच असते. अंदाजाने पार्ट बदलत जाणे हा सर्वांत महाग उपाय आहे. आमच्याकडे आधी तपासणी होते, मगच पार्टचे नाव निघते. त्यातली पहिली तपासणी तुम्हालाच करता येते, कारण गाडी कधी थरथरते आणि कधी नाही हे रोज चालवणाऱ्याइतके कोणालाच माहीत नसते.

इंजिन मिस करते, की माउंटिंग गेले?

सुरुवात या प्रश्नापासून. गरम झालेले पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि रेस न देता, साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर (मिनिटाला तितके फेरे) फिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे ७५० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा. त्यातला एक सिलिंडर पेटलाच नाही तर दर दोन फेऱ्यांत एक ठोका चुकतो. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, हँडब्रेक लावा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा. धूर एकसारखा लागत असेल तर ठीक. मध्ये मध्ये फट् फट् असा तुटका झोत लागला आणि मीटरवर आरपीएमचा काटाही डुलत असला, तर इंजिन मिस करते आहे.

काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज सरळ, तरीही केबिन थरथरते, अशा वेळी पहिला संशय माउंटिंगवर. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेले असते ते फाटले, दबले किंवा आत तेल असलेल्या प्रकारातले तेल गळाले, की इंजिनची नेहमीची कंपने सरळ बॉडीत उतरतात. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून ‘डी’ला टाकल्यावर थरथर वाढते आणि न्यूट्रलला कमी होते, ही याची नेहमीची खूण. अशा गाडीचे प्लग कितीही वेळा बदलले तरी फरक पडणार नाही.

तीन सिलिंडरचे इंजिन मूळ रचनेमुळेच थोडे जास्त हलते. गाडी नवीन होती तेव्हापासून तेवढेच असेल तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही, आणि आम्ही तसे स्पष्ट सांगतो. पूर्वीपेक्षा वाढले असेल तर मात्र दाखवा.

मिस करत असेल तर आम्ही काय बघतो

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला की बहुतेक वेळा दोषाचा कोड मिळतो. ‘पी०३०२’ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतो. त्यात कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) खराब आहे असे कुठेही लिहिलेले नसते. कोड फक्त सिलिंडर दाखवतो, कारण नाही. म्हणून दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर लावतो, कोड पुसतो आणि इंजिन चालवून बघतो. कोड ‘पी०३०३’ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली. दोन नंबरवरच राहिला तर प्लगची तीच अदलाबदल, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), शेवटी काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब). कॉइल काढल्यावर प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेले दिसले, तर वरच्या कव्हरचे पॅकिंग आणि खोबणीचे सीलही बदलावे लागते. नाहीतर नवी कॉइल त्याच ऑइलात जाऊन बसते.

कोड ‘पी०३००’ असेल, म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरते नसेल, तर कारण बहुधा सगळ्यांना सामाईक असते, आणि त्यात आम्हाला सर्वाधिक सापडते ती बाहेरून ओढली जाणारी हवा. इनटेकचे (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाचे) पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतले वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पाइप, कुठेतरी चीर पडलेली असते. आयडलिंगला इनटेकमधला व्हॅक्यूम सर्वांत जास्त आणि इंजिनला लागणारी हवा सर्वांत कमी, त्यामुळे छोट्या चिरेतून येणारी हवाही मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. रेस दिली की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते आणि थरथर थांबते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत हे स्कॅनरवर स्वच्छ दिसते: आयडलिंगला फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) अधिक १५ किंवा २० टक्के, आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य. मग इनटेकमध्ये धूर सोडायचा; जिथून धूर बाहेर येतो तिथे चीर.

थ्रॉटल बॉडीत कार्बन साचल्यानेही आयडलिंग डगमगते. ती साफ करता येते, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका. आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटू शकतात. साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांत आयडल स्कॅनरने नव्याने शिकवावे लागते. ते राहिले तर साफ केल्यावर आरपीएम उलट चढलेला दिसतो.

सीएनजी किंवा एलपीजीवरची गाडी एकदा पेट्रोलवर चालवून बघा. फक्त गॅसवर थरथरत असेल तर गॅस किट किंवा प्लग आधी बघायचे, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. दोन्हींवर आणि इंजिन तापल्यावर जास्त होत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) घट्ट झाल्याची शक्यता असते. व्हॉल्व्हच्या बैठका झिजल्या की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट मिटते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि काँप्रेशन गळते. फट वेळेत जुळवून घेतली तर बरेचदा हेड उघडायची पाळी येत नाही.

हे मात्र लांबवू नका

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळू चालवत आणा. तो लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, टो करून आणा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटते, आतली जाळी वितळते, आणि एका कॉइलच्या कामाचे कन्व्हर्टरचे काम होऊन बसते. सकाळी पहिल्या स्टार्टला काही वेळ थरथर, पांढरा धूर आणि कूलंट कमी होत जाणे, हे तिन्ही एकत्र दिसले तरीही चालढकल नको. हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगमधून) कूलंट सिलिंडरात झिरपत असू शकते.

गाडी आणताना

तक्रार थंड इंजिनाची असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट आम्हीच मारू. गरम इंजिनाची असेल तर चालवतच आणा. एसी लावल्यावर फरक पडतो का, नुकते पेट्रोल भरले होते का, थरथर सुरू होण्याआधी कुठे काम करून घेतले होते का, हे लिहून आणलेत तर फार मदत होते. आणि येण्यापूर्वी कोड पुसू नका, बॅटरीची वायर काढू नका. कोड पडला त्या क्षणीचे तापमान, आरपीएम आणि लोड गाडीच्या कॉम्प्युटरने साठवून ठेवलेले असते. कोड पुसला की तेही जाते, आणि मग इंजिन पुन्हा मिस करेपर्यंत वाट बघावी लागते.