हत्तीचा तळवा

औंधला यमाईच्या दर्शनाला गेलं की आम्हा पोरांचा अर्धा जीव गजराजमध्ये असायचा. हातावर केळं धरलं की सोंडेचं ओलसर टोक तळहाताला लागायचं, गरम श्वास यायचा आणि केळं गायब. तो जागच्या जागी डुलत असायचा. ‘खुशीत आहे,’ मोठी माणसं म्हणायची. त्याच्या पायांकडे मात्र आम्ही कुणी कधी नीट पाहिलं नाही.

पन्नासएक वर्षं औंधात काढल्यावर, सत्तरीच्या घरातल्या गजराजला जून २०१७ मध्ये वन्यप्राण्यांना सोडवून सांभाळणाऱ्या वाइल्डलाइफ एसओएस संस्थेच्या मथुरेजवळच्या केंद्रात नेलं. गाव रडलं. २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला असंच दूर नेलं तेव्हा सांगली-कोल्हापूरकडची माणसंही अशीच कळवळली. ही माया खोटी नव्हे, असं मला मनापासून वाटतं. पण हत्तीचं दुखणं सुरू होतं ते पायाखालच्या जमिनीपासून, आणि तिथे माया पुरत नाही.

हत्तीचा पाय बाहेरून खांबासारखा दिसतो. आतली हाडं पाहिली तर तो चवड्यांवर उभा असतो आणि टाचेखाली चरबीची, तंतूंची जाड गादी असते. चार टनांचा हत्ती म्हणजे एकेका पायावर टनभर भार. पाय टेकला की गादी पसरते, उचलला की आक्रसते. म्हणून एवढं धूड चिखलातूनही पाय सहज काढतं. तळव्याची कातडी आणि नखं आयुष्यभर वाढत राहतात आणि माती तुडवत मैलोनमैल चालण्यानेच झिजतात. सिमेंटवर, साखळीत, लीद-मुताच्या ओलीत उभ्या हत्तीची नखं वाढून चिरतात, तळव्याला भेगा पडतात, भेगेतून जंतू शिरतात, गळू होतं. ते हाडापर्यंत पोचलं की आवरणं फार कठीण. त्यात सांधे धरले की हत्ती आडवं व्हायचंच टाळतो, कारण पुन्हा उठणं जमत नाही. बंदिस्त हत्तींच्या मरणाचं हे एक मोठं कारण आहे.

आणि ते डुलणं? जंगलात हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ चरत, हिंडत असतो. चार पावलांच्या साखळीत तो सगळा वेळ रिकामा पडतो. तासन्‌तास तेच ते डुलणं ही कोंडमाऱ्याची खूण आहे. आम्ही तिला खुशी समजत होतो, हे आज आठवलं की गलबलून येतं.

मथुरेच्या त्या केंद्राजवळ २०१८ मध्ये हत्तींसाठी रुग्णालय सुरू झालं. तिथे क्ष-किरण यंत्र आहे, सोनोग्राफी आहे. तरी बरं करणाऱ्या बऱ्याच गोष्टी साध्याच असतात. औषधाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचे, मेलेली कातडी तासायची, नखं कानशीने घासायची, आणि हे महिनोन्‌महिने. हौदात उतरला की पाणी अंगाचा भार उचलतं, सांधे मोकळे होतात. टेकून झोपायला मातीचे ढीग रचतात.

अंकुशाची जागा फळं घेतात. मजबूत गजांच्या अलीकडे डॉक्टर, पलीकडे हत्ती. काठीच्या टोकाला लावलेल्या गोळ्याला त्याने पाय लावला की कलिंगडाची फोड मिळते; असं शिकता शिकता तो पाय आपणहून गजांमधल्या फटीत आणून ठेवतो. दुखलं तर मागे घेतो. मग कानस थांबते आणि डॉक्टर तो पुन्हा पाय पुढे करेपर्यंत वाट बघतात.