सांगलीत पुराआधी आणि पुरानंतर: अंगणवाडी, पाळणाघरांची कागदपत्रं आणि मदतीचा अर्ज

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. पण काकानगर, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट किंवा कर्नाळ रस्त्याच्या बाजूला मुलं सांभाळणाऱ्यांनी 40 ची वाट बघू नये, सखल गल्ल्यांत पाणी त्याआधीच शिरतं. कोयना धरणाचा विसर्ग वाढवल्यावर पाणी सांगलीला पोचायला काही तास लागतात. तेवढ्यात पालकांना फोन करून मुलं घरी पाठवायची आणि दप्तर (नोंदवह्या, कागदपत्रं) वरच्या मजल्यावर न्यायचं. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हा माळ्यावर ठेवलेलंही सगळीकडे वाचलं नाही.

मदत कोणाला?

सरकारी अंगणवाडीचं नुकसान सेविकेने वैयक्तिक अर्ज करून मागायचं नसतं. तिने पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अहवाल द्यायचा. सोबत साठा नोंदवही आणि जडवस्तू (भांडी, फर्निचर अशा टिकाऊ वस्तू) नोंदवहीच्या प्रती लावायच्या. भिजलेला आहार मुलांना देऊ नये, पण पंचनाम्याआधी फेकूनही देऊ नये. नाहीतर साठ्याचा हिशेब जुळत नाही आणि त्रास सेविकेलाच होतो.

खासगी पाळणाघराचं गणित अवघड आहे. प्रत्येक मोठ्या पुरानंतर सरकार वेगळा शासन निर्णय काढतं. 2021 ला दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 50 हजार रुपये मदत जाहीर झाली होती. पाळणाघर अशा मदतीत बसतं का, हे त्या-त्या निर्णयातल्या अटींवर ठरतं. व्यवसायाची नोंदच नसेल तर मात्र मागण्यालाच आधार उरत नाही. म्हणून दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद (वीसपेक्षा कमी कामगार असले तर ऑनलाइन सूचना पुरते) आणि उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची केंद्र सरकारकडची नोंद) पावसाळ्याआधीच करून ठेवा. घरातच पाळणाघर असेल तर मदत बहुधा कुटुंब म्हणूनच मिळते.

जवळ काय हवं

आधार, रेशनकार्ड, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक, भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, वीजबिल, नोंदणीपत्र. या सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि नातेवाइकाच्या मोबाईलमध्येही ठेवा. पाळणे, खेळणी, भांडी यांचे कोरड्या दिवसातले फोटो काढलेले असले तर पंचनाम्याच्या वेळी फार कामाला येतात.

पाणी ओसरल्यावर

साफसफाईची घाई सगळ्यांनाच असते, पण आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसह फोटो काढा. गावात तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामपंचायत अधिकारी पंचनाम्याला येतात. शहरात महसूल आणि महापालिकेची पथकं फिरतात. पथक आलंच नाही तर तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी वस्तूंची यादी वाचा, राहिलेली वस्तू तिथेच लिहून घ्या आणि नक्कल मागा. लाभार्थ्यांच्या यादीत नाव नसेल तर ती नक्कल जोडून तहसील कार्यालयात लेखी हरकत द्यावी लागते.

पाणी चढत असताना मदत हवी असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, संकटातल्या मुलांसाठी 1098.