शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाचे काम मोजायचे कसे?

शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी बरेचदा शिक्षकांचाच अर्ज वापरला जातो. त्यात वर्गनियंत्रण, पाठाची पूर्वतयारी, निकालाची टक्केवारी असे रकाने असतात, पण यातले एकही काम ही व्यक्ती करत नाही. मग मोजायला एकच गोष्ट हाती राहते, ती म्हणजे वर्षभरात किती मुले भेटली. हा आकडा फसवा आहे. शिक्षकांना हाताशी धरून वर्गातच अडचण सोडवणाऱ्याकडे मुले कमी येतात, आणि कागदावर तोच कामचुकार दिसतो. शिवाय अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सुचवते. दोन हजार मुलांना एकच जण असेल, तर अर्जात आधी तेवढे लिहावे, गुण नंतर.

यापेक्षा भरवशाची पद्धत किरेसुक आणि शर्मन या अमेरिकी संशोधकांनी १९६८ मध्ये मांडली. काम सुरू होण्यापूर्वीच ध्येयाच्या पाच पायऱ्या लिहून ठेवायच्या, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. समजा, चौथीतला एक मुलगा ३५ मिनिटांच्या तासाला ८-९ वेळा जागेवरून उठतो. ही आजची स्थिती उणे एकवर ठेवावी. सहा आठवड्यांनी ५-७ वेळा म्हणजे शून्य, अर्थात अपेक्षेइतकी सुधारणा. ३-४ वेळा अधिक एक, ०-२ वेळा अधिक दोन आणि १० किंवा जास्त वेळा उणे दोन. आजची स्थिती उणे दोनवर ठेवण्याची चूक फार होते. तसे केले की वागणे आणखी बिघडले तरी ते नोंदवायला जागाच राहत नाही. पायऱ्या ज्याच्या कामाचे मूल्यमापन आहे त्याने एकट्याने ठरवू नयेत. सगळ्याच मुलांना अधिक दोन मिळत असेल, तर ध्येयेच लुटुपुटुची होती असे समजावे.

मोजणीतही खाचखळगे आहेत. मूल मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले जाते ते त्याचे वागणे सर्वांत बिघडलेले असताना. त्यानंतर काहीच केले नाही तरी थोडी सुधारणा होतेच. म्हणून उपाय सुरू करण्याआधी किमान तीन, जमल्यास पाच वेगवेगळ्या दिवशी नोंद घ्यावी. वडोदऱ्यात ही नोंद नवरात्रात घेऊ नये. गरब्याच्या जागरणाने पेंगणारा वर्ग दिवाळीनंतर आपोआप ताळ्यावर येतो, आणि श्रेय मात्र उपायाला जाते. काही तासांना दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे. लहान आकड्याला मोठ्या आकड्याने भागून ८० टक्क्यांहून कमी आले, तर ‘जागेवरून उठणे’ म्हणजे नेमके काय, हे दोघांनी पुन्हा ठरवावे.

ध्येय गाठले नाही तर दोष कोणाचा? आधी उपाय खरोखर अमलात आला का, ते पाहावे. वर्गशिक्षिकेला दर तासाला एक खूण करायला सांगितली आणि तिने आठवड्यातून दोनदाच केली, तर अपयश उपायाचे नाही. पण करता न येण्याजोगा उपाय सुचवणे हेही मानसशास्त्रज्ञाचेच उणे. चाळीस मुलांच्या वर्गात दर पंधरा मिनिटांनी एकाची नोंद ठेवा म्हणणे सोपे आहे!

अहवाल तपासताना वडोदऱ्यातल्या मराठी मुलांबाबत भाषेचा रकाना आधी पाहावा. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. बुद्धिमापन कोणत्या भाषेत झाले, मुलाची सराईत भाषा कोणती आणि चाचणीची मानके (ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून पाहतात ते त्या वयाच्या मुलांचे आकडे) किती जुनी, हे अहवालात हवेच. वाचन फक्त इंग्रजीत तपासून अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारला असेल, तर तो अहवाल परत पाठवावा. सरावच कमी असेल तर अडचण बहुधा एका भाषेपुरती राहते; खरी अक्षमता मूल शिकलेल्या दुसऱ्या लिपीतही कुठे ना कुठे डोकावते.

पालकांच्या समाधानाच्या प्रश्नावलीला वजन कमी द्यावे. नको असलेले खरे निदान सांगणाऱ्याला तिथे हमखास कमी गुण पडतात. फाइल तपासायला त्याच विषयातला बाहेरचा जाणकार बोलवावा आणि नावे झाकूनच ती त्याच्या हाती द्यावी. मुख्याध्यापकांनी मुलांच्या मुलाखतींच्या नोंदी वाचू नयेत. त्यांना ध्येयांचा तक्ता, उपायांच्या अंमलबजावणीची नोंद आणि अहवाल वेळेवर पोहोचल्याच्या तारखा पुरेत.