एरंड (मुंबई परिसर)

एरंड (शास्त्रीय नाव : रिसिनस कम्युनिस) ही यूफोर्बिएसी कुळातील, मूळची पूर्व आफ्रिकेतील, झपाट्याने वाढणारी वनस्पती. मुंबईत ती मुद्दाम कोणी फारसे लावत नाही. आपली आपण येते. रेल्वेरुळांच्या कडेला, नाल्यांच्या काठी, पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर पहिला पाऊस पडला की रोपे दिसू लागतात आणि काही महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जातात. ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण इथल्या रिकाम्या भूखंडांना चपखल लागू पडते.

खोड पोकळ, पाने हाताच्या पंजासारखी फाटलेली. तुऱ्यात खाली नरफुले, तर वर लालसर तंतूंची मादीफुले असतात. मऊ काटेरी बोंडात तीन कप्पे आणि तीन बिया. बोंड वाळले की तडकते व बिया दूर उडतात. बी गुळगुळीत, चकचकीत, तपकिरी ठिपक्यांचे असते. लहान मूल ते हमखास उचलते, आणि खरी काळजी तिथेच आहे.

बियांत रायसिन हे अत्यंत विषारी प्रथिन असते. बी अख्खे गिळले, तर कठीण कवचामुळे ते पुष्कळदा तसेच बाहेर पडते. चावले तर विष मोकळे होते. काही तासांनी उलट्या, पोटदुखी, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. रायसिनवर नेमका उतारा उपलब्ध नाही, त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १९७८ मध्ये लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गेओर्गी मार्कोव्ह यांची हत्या याच विषाने झाली होती.

एरंडेल तेलात मात्र रायसिन उतरत नाही. ते पेंडीत राहते. औषधी एरंडेलाची धास्ती घेण्याचे म्हणूनच कारण नाही, चव सोडल्यास. पेंडीचे तसे नाही. खत म्हणून कुंड्यांत घातलेली पेंड कुत्री हुंगत येऊन खातात आणि दगावतात. बाल्कनीत बाग करणाऱ्यांना विक्रेत्यांनी हे आवर्जून सांगायला हवे.

भारतात एरंडाच्या लागवडीवर बंदी नाही. उलट जगातील सर्वाधिक एरंडी इथेच पिकते, तीही मुख्यतः गुजरातेत. कोरडी हवा आणि निचऱ्याची जमीन या पिकाला मानवते. कोकणपट्टीच्या धो-धो पावसात तुरे बुरशीने कुजतात. त्यामुळे मुंबईत व्यापारी लागवडीला अर्थ नाही आणि शोभेसाठी लावायचे तर शाळा, बालवाडी, सोसायटीचे आवार, गोठा या जागा टाळलेल्या बऱ्या. परागकणांमुळे काहींना शिंका व दम्याचा त्रासही होतो. तांबड्या पानांची शोभिवंत जात देखणी असली, तरी तिच्या बिया तितक्याच घातक असतात.

होळीच्या मध्यभागी एरंडाची फांदी उभारण्याची प्रथा मुंबईतही आहे. तुरे धरलेली फांदी आणली असल्यास बोंडे आधीच खुडावीत. कॉमन कॅस्टर या फुलपाखराच्या अळ्या एरंडाच्या पानांवर वाढतात, म्हणून मोकळ्या रानातले प्रत्येक झाड उपटण्याची गरज नाही. आवारातले रोप मात्र तुरा येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट काढावे. मोगली एरंड ही वेगळी वनस्पती आहे. तिच्याही बिया विषारी असून त्या खाल्ल्याने मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात.