संदर्भ जनुके, कीटकांतील

एखाद्या जनुकाची अभिव्यक्ती मोजताना तुलनेचा आधार म्हणून घेतलेली, प्रयोगातील सर्व नमुन्यांत जवळजवळ सारख्याच पातळीवर व्यक्त होणारी जनुके. कीटकशास्त्रात ही संज्ञा मुख्यतः आरटी-क्यूपीसीआर, म्हणजे व्यस्त प्रतिलेखनानंतर (आरएनएवरून डीएनएची प्रत बनवल्यानंतर) केलेली परिमाणात्मक पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, या तंत्राच्या संदर्भात येते. दोन नमुन्यांतील ऊतकाचे प्रमाण, मिळालेल्या आरएनएचे प्रमाण, त्याची शुद्धता आणि व्यस्त प्रतिलेखक विकराची कार्यक्षमता कधीच तंतोतंत सारखी नसते. या साऱ्या फरकांचा परिणाम संदर्भ जनुकावरही होतो. त्यामुळे लक्ष्य जनुकाचे मूल्य त्याच्याशी ताडून पाहिले की तांत्रिक फरक वजा होऊन जैविक फरक उरतो. अर्थात संदर्भ जनुक खरोखर स्थिर असेल तरच. दिलेल्या उपचाराने त्याचाच आरएनए निम्म्यावर आला, तर मुळीच न बदललेले लक्ष्य जनुक दुप्पट झालेले दिसते, आणि अंतिम आलेखात या चुकीचा मागमूसही राहत नाही.

ही प्रथा क्यूपीसीआरपेक्षा जुनी आहे. आरएनए पटलावर उतरवून पट्ट्यांच्या रूपात पाहण्याच्या नॉर्दर्न ब्लॉट पद्धतीत प्रत्येक नमुन्याचा आरएनए सारखा भरला गेला की नाही हे पाहण्यासाठी सर्वत्र व्यक्त होणारे एखादे जनुक लागे. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीत हे काम प्रामुख्याने आरपी४९ या जनुकाकडे आले. रिबोसोमी प्रथिनाचे हे जनुक १९८० मध्ये क्लोन केल्याचे प्रसिद्ध झाले, १९८४ मध्ये त्याचा क्रम जाहीर झाला आणि आज ते आरपीएल३२ या नावाने ओळखले जाते. पुढे क्यूपीसीआर रूढ होताना हे जनुक, तसेच पृष्ठवंशी प्राण्यांच्या अभ्यासात रुळलेली अ‍ॅक्टिन व जीएपीडीएच ही जनुके, कीटकांत फारशी न तपासता वापरात राहिली असे दिसते. पटलावरील पट्टीची जाडी पाहण्याला जेवढे स्थैर्य पुरे होते तेवढे दुपटीहून लहान फरक सांगणाऱ्या तंत्राला पुरत नाही. कीटकांतील पद्धतशीर पडताळणी साधारणपणे २००८ च्या सुमारास मधमाशी व त्यापाठोपाठ वाळवंटी टोळ यांवरील कामापासून ठळक झाली.

उमेदवार जनुकांत सर्वाधिक वापर आणि सर्वाधिक वाद अ‍ॅक्टिनचा आहे. ‘अ‍ॅक्टिन’ हे एक जनुक नसून कुल आहे. ड्रॉसोफिलात त्याची सहा जनुके आहेत. त्यांपैकी ५सी व ४२ए पेशीद्रव्यातील अ‍ॅक्टिनची. ५७बी व ८७ई मुख्यतः डिंभाच्या आणि प्रौढाच्या उदरातील स्नायूंत व्यक्त होणारी. ७९बी व ८८एफ प्रौढाच्या स्नायूंतील, त्यांतही ८८एफ अप्रत्यक्ष उड्डाण स्नायूंशी निगडित. या जनुकांचे प्रथिनसांकेतिक भाग एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की, जीनोमची नीट माहिती नसलेल्या जातीत त्या भागावर बेतलेले प्रायमर (डीएनएची प्रत बनवण्यास सुरुवात करून देणारे त्याचे छोटे तुकडे) एकाच वेळी अनेक जनुके पकडू शकतात. मग कोशावस्थेत उड्डाण स्नायू तयार होताना अ‍ॅक्टिन ‘वाढले’, तर त्याचा अर्थ लावणे अवघड होते. अनेक शोधनिबंधांत कीटकांच्या अ‍ॅक्टिनला बीटा-अ‍ॅक्टिन म्हटलेले आढळते. त्याला उत्क्रांतीच्या दृष्टीने आधार नाही, कारण कीटकांतील स्नायू अ‍ॅक्टिने व पृष्ठवंशीयांतील स्नायू अ‍ॅक्टिने स्वतंत्रपणे उद्भवली असे मानले जाते. तेव्हा नोंदीत जनुकाचे नुसते नाव न देता क्रमाचा प्राप्तिक्रमांक (सार्वजनिक माहितीसाठ्यातील नोंदक्रमांक) देणे आवश्यक ठरते. ट्युब्युलिनची स्थिती अशीच आहे: ड्रॉसोफिलाचे बीटा-ट्युब्युलिन ५६डी बहुतेक ऊतकांत आढळते, तर ८५डी वृषणातील जननपेशींपुरते मर्यादित आहे. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधील विकराचे जनुक असल्याने उपासमार, उड्डाण किंवा आहारबदल यांच्या प्रयोगात त्यावर विसंबणे धोक्याचे.

१८एस रिबोसोमी आरएनए दुहेरी अडचण निर्माण करतो. त्याला पॉली-ए पुच्छ (टोकाला असलेली अ‍ॅडेनिनांची साखळी) नसल्याने, त्या पुच्छाला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटी प्रायमरने केलेल्या व्यस्त प्रतिलेखनात त्याचे मोजमाप विश्वसनीय होत नाही. शिवाय पेशीतील आरएनएचा बहुतांश वाटा रिबोसोमी असतो. म्हणून १८एसचे संकेत अभिक्रियेच्या अगदी सुरुवातीच्या चक्रांत (प्रत्येक चक्रात डीएनएच्या प्रती जवळपास दुप्पट होतात) उमटतात आणि मध्यम अभिव्यक्तीच्या जनुकाशी त्याची तुलना बेतास बात राहते. रिबोसोमी प्रथिनांची जनुके अनेक जातींत क्रमवारीच्या वरच्या टोकाला आढळली आहेत व सुरुवात करण्यास ती योग्य आहेत. तथापि ती सर्व मिळून वाढीशी व पोषणाशी बांधलेली असल्याने, वरच्या क्रमांकावरील दोन्ही जनुके रिबोसोमी प्रथिनांचीच असतील तर साशंक राहावे.

ही साशंकता संख्याशास्त्रीय आहे. २००२ मध्ये मांडलेली जीनॉर्म पद्धत प्रत्येक दोन जनुकांच्या गुणोत्तराचे लॉगरिथम घेऊन त्याचे प्रमाण विचलन काढते व सरासरीने एम हे मूल्य देते. एम जितके कमी तितके जनुक स्थिर, १.५ ही मूळ मर्यादा होती. सर्वांत अस्थिर जनुक वगळत गेल्यावर शेवटी जी जोडी उरते तिच्यात सरस कोण हे सांगता येत नाही. एक जनुक वाढवून काही साधते का हे व्ही या मूल्यावरून ठरवतात, ते ०.१५ च्या खाली आले की पुढील जनुकाची गरज नाही असा संकेत आहे. पद्धतीची उणीव उघड आहे: दोन जनुके एकाच नियंत्रणाखाली हातात हात घालून बदलत असतील, तर त्यांचे गुणोत्तर स्थिर राहते आणि दोघेही ‘स्थिर’ ठरतात. २००४ मधील नॉर्मफाइंडर गटांतर्गत व गटांमधील चलन वेगवेगळे मोजते, त्यामुळे उपचारित व नियंत्रित गटांच्या तुलनेत ती अधिक समर्पक वाटते. त्याच वर्षीची बेस्टकीपर मुळात चक्रमूल्यांच्या (संकेत उमटेपर्यंत लागलेल्या चक्रसंख्येच्या) प्रमाण विचलनावर उभी असून एकापेक्षा जास्त विचलन असलेले जनुक नाकारते. २०१२ मधील रेफफाइंडर हे साधन या पद्धतींच्या व डेल्टा-सीटी या, जनुकांच्या चक्रमूल्यांतील फरक पाहणाऱ्या पद्धतीच्या क्रमांकांचा भूमितीय मध्य काढून एकच यादी देते. सोय म्हणून ते लोकप्रिय झाले. पण ते कच्ची चक्रमूल्ये घेते आणि सर्व प्रायमरांची कार्यक्षमता १०० टक्के धरते, असा आक्षेप २०१५ मध्ये नोंदवला गेला. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. एका प्रायमर जोडीची कार्यक्षमता १०० व दुसरीची ९० टक्के असेल, तर २५ चक्रांत सुमारे ३.६ पटीचा कृत्रिम फरक साठतो. म्हणून एकत्रित यादीपेक्षा जीनॉर्म व नॉर्मफाइंडर स्वतंत्रपणे वापरून, वेगवेगळ्या चयापचय मार्गांतील उमेदवारांत दोन्हींचा मेळ पाहणे श्रेयस्कर.

क्यूपीसीआर प्रयोगांच्या नोंदीसाठी मांडलेल्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनुसार, स्थैर्याचा पुरावा नसताना एकाच संदर्भ जनुकावर आधारलेले सामान्यीकरण स्वीकारार्ह नाही. व्यवहारात प्रमाण वक्राचा (ज्ञात प्रमाणे व त्यांची चक्रमूल्ये यांच्या आलेखाचा) उतार -३.५८ ते -३.१० या दरम्यान, म्हणजे कार्यक्षमता ९० ते ११० टक्के, असावी असे मानतात, -३.३२ हा आदर्श. निवडलेल्या दोन-तीन जनुकांचा भूमितीय मध्य भाजक म्हणून घेतात.

आरएनएच्या प्रतीची तपासणी कीटकांत वेगळ्या रीतीने वाचावी लागते. बहुतेक कीटकांच्या २८एस रिबोसोमी आरएनएत एक प्रच्छन्न छेद असतो. तापवल्यावर रेणूचे जवळपास समान असे दोन तुकडे होतात आणि ते १८एसच्या जागीच धावतात. परिणामी पृष्ठवंशीयांसाठी बेतलेला अखंडता निर्देशांक उत्तम आरएनएलाही खराब ठरवतो. मावा किडींत हा छेद नसतो. मधमाशीच्या डोक्याचे नमुने घेताना संयुक्त डोळे काढून टाकणे हिताचे, कारण त्यांतील द्रव्ये अभिक्रिया रोखतात आणि सर्वच जनुकांची मूल्ये विस्कटतात.

एका जातीत, एका ऊतकात सिद्ध झालेले जनुक दुसरीकडे उचलून नेता येत नाही. पूर्ण रूपांतरण होणाऱ्या कीटकांत डिंभ, कोश व प्रौढ या अवस्थांत ऊतकांची बांधणीच बदलते. तेथे सर्व अवस्थांना पुरे पडेल असे जनुक शोधण्यापेक्षा प्रत्येक अवस्थेतील तुलना स्वतंत्र ठेवणे अधिक सुरक्षित. सुप्तावस्था, उष्णतेचा ताण, कीटकनाशकाचा संपर्क, विषाणू संसर्ग आणि आरएनए हस्तक्षेप (दुपदरी आरएनएने जनुक दडपणे) यांसाठीही पडताळणी नव्याने करावी लागते. वोल्बाकियासारख्या सहजीवी जीवाणूंची जनुके मोजताना यजमान कीटकाचे संदर्भ जनुक चालत नाही, कारण जीवाणूंची संख्याच नमुन्यागणिक बदलते; तेथे जीवाणूचेच जनुक घेतात.

उपलब्ध माहिती बहुतांशी पिकांवरील किडी, रोगवाहक डास, मधमाशी व ड्रॉसोफिला यांविषयी आहे. चतुर, मेफ्लाय यांसारख्या गणांबाबत ती तुटपुंजी असून तेथे आरएनए अनुक्रमणाच्या माहितीतून उमेदवार निवडून मग क्यूपीसीआरने पडताळणे हा मार्ग वापरता येतो.